फुकटचे व्याख्यान

कांदिवलीला आमचा रात्रीचा वर्ग भरतो. वर्गाकडे येण्याच्या वाटेवर एक सभागृह आहे. त्याच्या दारावर काळा फळा असतो. फळ्यावर खडूने रोज काही ना काही लिहिलेले असते. एका संध्याकाळी आमच्या वर्गातली मंडळी त्या फळ्यापाशी थांबली. त्यांनी तो अक्षर अक्षर लावून वाचला. वर्गात आल्या आल्या एक मावशी म्हणाल्या, "बाई, आम्ही फळा वाचला. पण एक शब्द अडला बघा."

फळ्यावर लिहिले होते : "आपल्या पायाखालची जमीन. पुरातत्त्वावर सचित्र व्याख्यान. प्रवेश मोफत. सर्वांनी यावे."

अडलेला शब्द होता 'पुरातत्त्व'. 'पुरा' म्हणजे फार पूर्वीचे. पूर्वीची माणसे कशी राहत, काय खात, काय वापरत, हे त्यांच्या मागे उरलेल्या वस्तूंवरून ओळखायचे. या विद्येला पुरातत्त्व म्हणतात. राजेलोकांनी ताम्रपट लिहवून घेतले, शिलालेख कोरविले. त्यांचा इतिहास त्यावरून कळतो. पण ज्यांना लिहिताच येत नव्हते, त्यांचे काय? त्यांची फुटकी मडकी जमिनीत राहतात. चुलीची राख राहते. दगडी हत्यारे राहतात, हाडे राहतात. तीच त्यांची अक्षरे. ती वाचायला शिकावे लागते, जशी आपण ही अक्षरे शिकलो.

एवढे सांगून झाले. पण एका मामांचे समाधान झाले नाही. ते म्हणाले, "शब्द कळला. पण 'मोफत' कशाला? फुकट कोण काय देतो? शेवटी काहीतरी विकायला काढतील."

मामांची शंका अगदीच खुळी नव्हती. फुकट म्हणून बोलावून गळ्यात काहीतरी बांधणारे लोक असतात. पण आपल्याकडे मोफत व्याख्यानांची चाल जुनी आहे. पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली. उन्हाळ्यात संध्याकाळी लोक जमतात आणि जाणत्या माणसांची भाषणे ऐकतात. मुंबई विद्यापीठानेही बहिःशाल शिक्षणाचा विभाग काढला. बहिःशाल म्हणजे शाळेच्या बाहेरचे. जो कॉलेजात जाऊ शकला नाही, त्याच्याजवळ विद्येने चालत जायचे, असा त्याचा अर्थ. गावोगावची मंडळे जागा देतात, सतरंज्या घालतात, फळा लिहितात.

तरी मामांच्या बोलण्यात थोडे खरे होते. व्याख्यात्याला ऐकणाऱ्यांकडून एक गोष्ट हवी होती. ती पैशाची नव्हती. ते पुढे कळले.

आम्ही सगळे मिळून गेलो. भिंतीवर पडदा होता. पडद्यावर पहिले चित्र आले ते एका दगडाचे. मूठभर दगड, एका बाजूने निमुळता. आमची मंडळी एकमेकांकडे पाहू लागली. दगडात काय पाहायचे?

व्याख्यात्यांनी सांगितले, "हा तुमच्या कांदिवलीचा आहे."

मग त्यांनी गोष्ट सांगितली. १९३० नंतरच्या वर्षांत टॉड नावाचा एक इंग्रज आरमारी अधिकारी मुंबईत होता. आपली नोकरी सांभाळून तो साष्टीभर दगड शोधीत हिंडे. साष्टी म्हणजे वांद्र्यापासून घोडबंदरापर्यंतचा आपला सगळा टापू. कांदिवलीला त्याला माती आणि खडीचे थर उघडे पडलेले दिसले. त्यांत माणसाने घडविलेली दगडी हत्यारे होती. १९३९ साली त्याने त्यांवर मोठा लेख छापला. तेव्हापासून जुन्या अश्मयुगाच्या पुस्तकांत कांदिवलीचे नाव येते. अश्मयुग म्हणजे दगडाच्या हत्यारांचा काळ. तेव्हा शेती नव्हती, मडके नव्हते, लोखंड नव्हते. माणसे शिकार करीत आणि कंदमुळे खणून खात.

थर म्हणजे काय, हेही त्यांनी सांगितले. घरात गोधड्यांची चळत असते. सगळ्यांत खालची गोधडी आधी ठेवलेली, वरची मागाहून ठेवलेली. जमिनीचे तसेच आहे. कांदिवलीला खालच्या थरांत मोठी, जाडजूड हत्यारे निघाली. वरच्या थरांत पातळ पाती निघाली. अगदी वर नखाएवढी बारीक हत्यारे होती. माणसाचा हात कसा सुधारत गेला, ते एकाच जागी दिसले. पण हे कधी कळते? कोणता दगड कोणत्या थरातला, हे लिहून ठेवले तरच. सगळ्या गोधड्या उचलून अंगणात फेकल्या, तर आधीची कोणती आणि मागची कोणती, हे कोणी सांगू शकणार नाही.

मामांनी विचारले, "साहेब, दगड आपोआप फुटला की माणसाने फोडला, हे कसे ओळखता?"

उत्तर द्यायला व्याख्याते तोंड उघडणार, तोच आमच्या वर्गातली एक बाई बोलली. तिचे सारे आयुष्य खडी फोडण्यात गेले आहे. ती म्हणाली, "कपचीच्या पाठीला फुगवटी असते ना. घण जिथे बसतो तिथे. आपसूक तडकलेल्या दगडाला ती नसते." व्याख्याते तिच्याकडे बघतच राहिले. म्हणाले, "आमच्या विद्यार्थ्यांना हे शिकवायला आम्हाला महिना लागतो." आम्हालाही त्या दिवशी एक शिकायला मिळाले. जिला आम्ही अ-आ-इ शिकवीत होतो, तिला दगडाचे अक्षर आमच्याआधी येत होते.

आता ते थर कुठे आहेत? हे ऐकताना वाईट वाटले. कांदिवलीच्या पूर्वेला पडण नावाची टेकडी. मुंबईला बॅकबेचा समुद्र हटवून जमीन करायची होती. त्यासाठी या टेकडीचे दगड आणि माती आगगाडीत भरून नेली. टेकडी समुद्रात गेली, असेच म्हणायचे. मागाहून चाळी झाल्या, कारखाने झाले, आता उंच इमारती झाल्या. लोकांना घर हवे, त्यात चूक नाही. आपणही तिथेच राहतो. पण टॉडने जागा आणि थर लिहून ठेवले नसते, तर इथे काय होते हे कोणाला कळलेही नसते.

पडणच्या खडकावर पावलांच्या खुणा आणि जुनी ब्राह्मी अक्षरे कोरलेली होती. त्यांची माहिती पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी लिहून ठेवली. हे मूळचे जुनागडचे. त्यांनी १८८२ साली पडणबरोबरच सोपाऱ्याचाही शोध प्रसिद्ध केला. सोपारा म्हणजे आपल्या पश्चिम रेल्वेवरचा नालासोपारा. तिथली हकिगत ऐकण्यासारखी आहे.

सोपाऱ्याला एक मोठा उंचवटा होता. गावकरी त्याला 'बुरुडराजाचा कोट' म्हणत. बुरुड म्हणजे बांबूच्या टोपल्या विणणारा. बुरुडांचा राजा कोण, कोट कसला, कोणालाच ठाऊक नव्हते. नाव मात्र आज्यापणज्यापासून चालत आले होते. भगवानलालांनी ते नाव हसण्यावारी नेले नाही. त्यांनी तो उंचवटा खणविला. आत विटांचा स्तूप निघाला. स्तूप म्हणजे बौद्ध लोकांची पूज्य जागा, जिथे बुद्धाची आठवण जपून ठेवतात. मध्यभागी दगडी पेटी होती. तिच्यात तांब्याचा डबा, भोवती बुद्धाच्या आठ लहान मूर्ती. तांब्याच्या डब्यात चांदीचा डबा. चांदीच्यात दगडाचा, दगडाच्यात स्फटिकाचा, स्फटिकाच्यात सोन्याचा. आमच्या मावशी पुढे सरकून बसल्या. सोन्याच्या डब्यात काय असेल? सोन्याची फुले होती. आणि मातीच्या भांड्याचे तुकडे होते.

"मातीचे?" मावशींनी मोठ्याने विचारले.

होय, मातीचे. ते बुद्धाच्या भिक्षापात्राचे तुकडे, अशी ठेवणाऱ्यांची श्रद्धा असावी. सोन्याचा डबा मातीच्या तुकड्यांसाठी केलेला होता. चोराने ती पेटी उघडली असती, तर त्याने सोने नेले असते आणि तुकडे फेकून दिले असते. आज हे सारे मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत सांभाळून ठेवले आहे.

बोरिवलीजवळ एक्सर गाव आहे. तिथले वीरगळ पडद्यावर दाखविले. वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा दगड. एक्सरचे दगड माणसाहून उंच आहेत. त्यांवर हत्तींची लढाई आहे आणि वल्हवीत नेलेल्या गलबतांची लढाईही आहे. पुष्कळ जाणकार म्हणतात, ही शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचे यादव यांची लढाई. म्हणजे साधारण साडेसातशे वर्षांपूर्वीची. काहींचे मत वेगळे आहे. गावाने या दगडांना देव मानले, म्हणून ते वाचले, असे आम्हाला वाटते. ज्या दगडाला शेंदूर लागतो, त्याला कोणी पायरीला लावीत नाही.

शेवटची गोष्ट दायमाबादची. हे गाव प्रवरा नदीच्या काठी, श्रीरामपूर तालुक्यात आहे. १९७४ साली तिथला एक भिल्ल शेतकरी झाडाचे खोड खणून काढीत होता. खोडाखाली त्याला धातूच्या चार वस्तू लागल्या. एक बैलजोडीचा रथ, त्यात उभा राहिलेला माणूस. एक म्हैस, एक हत्ती, एक गेंडा. चारही मिळून साठ किलोच्या वर वजन. आपल्या महाराष्ट्रात अशी वस्तू त्याआधी निघाली नव्हती. यांतल्या काही मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात ठेवल्या आहेत. कोणालाही जाऊन पाहता येतील.

पण एक अडचण राहिली. त्या कोणत्या थरात होत्या, शेजारी काय होते, हे जाणत्या माणसाने पाहिले नव्हते. वस्तू आधी बाहेर आल्या. मागाहून तिथे पुरातत्त्व खात्याने खणून शोध घेतला. बहुतेक पंडित त्यांना साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वीच्या मानतात. पण काहींनी शंका काढली आणि वाद झाला. त्या शेतकऱ्याचा यात काय दोष? खोड काढताना थर बघावा, हे त्याला कोणी कधी सांगितले होते?

व्याख्यान संपले. लोक उठू लागले. तेव्हा व्याख्यात्यांनी हात जोडून थांबायला सांगितले. म्हणाले, "आता माझे मोल द्या." मामांनी आम्हाला कोपर मारले. 'मी म्हणालो नव्हतो?' असा त्यांचा चेहरा.

व्याख्यात्यांनी खिशातून वही काढली आणि विचारले, "तुमच्या पाड्यावर, गावठाणात जुने दगड कुठे आहेत? वर सूर्य-चंद्र आणि खाली गाढव कोरलेला दगड कोणी पाहिला आहे का?"

अशा दगडाला गद्धेगाळ म्हणतात. राजाने जमीन दान दिली की असा दगड उभा करीत. जो हे दान मोडील, त्याला वाईट शाप. सूर्य-चंद्र आहेत तोवर दान चालावे, असा वरच्या चित्राचा अर्थ. गेल्या काही वर्षांत मुंबई विद्यापीठ आणि पार्ल्याचे साठ्ये महाविद्यालय यांच्या मंडळींनी साष्टीत पायी हिंडून जुन्या वस्तूंची नोंद केली. पण बाहेरचा माणूस किती हिंडणार? परसातला दगड घरच्यालाच ठाऊक.

पाड्यावरून येणाऱ्या एक आजी मागे बसल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "आमच्या विहिरीजवळ सूर्य-चंद्राचा दगड हाय. त्यावर आम्ही कपडे धुतो. खाली काय हाय ते मातीत गेलंय."

"आजी, तो हलवू नका हं," व्याख्याते म्हणाले. त्यांनी वहीत सगळे लिहून घेतले. विहीर कुठली, वाट कुठून, दगड केवढा. पाहायला माणसे यायची आहेत. तोवर आजींनी कपडे दुसऱ्या दगडावर धुवायला घेतले आहेत.

दुसऱ्या दिवशी वर्गात मामांनीच विषय काढला. "समजा, उद्या पाया खणताना मला हंडा लागला. सांगितला तर सरकार घेऊन जाईल. मग कशाला सांगा?"

प्रश्न सरळ आहे. उत्तरही सरळ द्यावे. यासाठी १८७८ सालचा कायदा आहे. जमिनीत पुरलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली, तर ती जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागते. दडवून ठेवणे गुन्हा आहे. पण कळविणाऱ्याचा हक्कही त्याच कायद्यात लिहिला आहे. त्याने वेळेवर कळविले, तर चौकशीनंतर त्याला कायद्याने ठरलेला वाटा किंवा मोबदला मिळू शकतो. दडविले, तर तो हक्क जातो. आणि कळवायचे ते तोंडी नाही, लेखी.

लेखी म्हटल्यावर मामा पाटी पुढे ओढून बसले. कायदा तीन गोष्टी मागतो : काय आणि किती सापडले, कुठे सापडले, कोणत्या दिवशी सापडले. टॉडने आणि भगवानलालांनी 'कुठे' लिहून ठेवले, म्हणून आज आपण त्यांचे ऐकतो. आम्ही फळ्यावर नमुना लिहिला. तो वहीत उतरवून घ्या. रिकाम्या जागा आपल्या आपण भरा.

"मा. जिल्हाधिकारी यांस,
मी ........, राहणार ........, कळवितो/कळविते की, दिनांक ........ रोजी ........ येथे जमीन खणताना मला ........ अशी वस्तू, संख्या ........, सापडली. वस्तू जमिनीपासून ........ हात खोल होती. शेजारी ........ होते. पुढचे खणणे मी थांबविले आहे.
सही ........"

'किती हात खोल' आणि 'शेजारी काय', हे कायद्यात नाही. ते आम्ही घातले. मामांनी नमुना उतरवून घेतला. 'सही' या शब्दाशी त्यांचा हात थोडा थांबला. आजवर ते तिथे अंगठा लावीत आले होते.