परसबागेतील टोमॅटोची निगा

टोमॅटोची दहा-बारा झाडे नीट जोपासली, तर लहानशा कुटुंबाला हिवाळ्यात कित्येक आठवडे ताजी फळे घरच्या घरी मिळतात. विदर्भात भेदरे या नावाने ओळखले जाणारे हे फळ भाजी, आमटी, चटणी व कोशिंबीर यांत सारखेच उपयोगी पडते. कच्चे खाल्ल्यास त्यातून क जीवनसत्त्वही चांगले मिळते.

परंतु परसात लावलेली रोपे आरंभी जोमाने वाढतात आणि नेमकी फळे धरण्याच्या वेळी बिघडतात, असा अनुभव पुष्कळांना येतो. पाने आकसतात, फळांना काळे डाग पडतात, फळे उकलतात. अशा वेळी कापसासाठी आणलेले उरलेसुरले औषध या झाडांवर फवारण्याचा मोह होतो. हा प्रकार अत्यंत घातक आहे, कारण ही फळे दुसऱ्याच दिवशी ताटात येतात व मुले ती झाडावरून तोडून तशीच खातात. शिवाय यांतील कित्येक तक्रारी औषधाने दूर होणाऱ्या नसतातच. त्यांचे मूळ रोपे तयार करण्यात व पाणी देण्याच्या रीतीत असते. तेथे काळजी घेतल्यास फवाऱ्याची गरज फारच कमी पडते.

हंगाम व जागा

टोमॅटो वर्षभर घेता येत असला, तरी परसबागेसाठी रब्बी हंगाम सर्वांत सोईचा होय. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बी पेरून पुढील महिन्यात रोपे लावावीत. पावसाळ्यात करप्याचा उपद्रव वाढतो. कडक उन्हाळ्यात दिवसाचे तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या वर गेले म्हणजे फूल गळते व फळ धरत नाही.

जागेवर दिवसातून निदान सहा तास ऊन यावे व पाणी साचू नये. मागील हंगामात जेथे वांगी, मिरची, बटाटा किंवा टोमॅटो होता ती जागा टाळावी. ही सर्व पिके एकाच कुळातील असल्यामुळे त्यांचे मर रोग व मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी जमिनीत टिकून राहतात. घेवडा, मेथी किंवा कांदा यांच्यामागून टोमॅटो घेणे चांगले.

वाणांची निवड

राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाचे धनश्री व भाग्यश्री हे वाण महाराष्ट्रात परिचित आहेत. बंगळूर येथील भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा अर्का रक्षक हा संकरित वाण पाने आकसण्याचा विषाणू रोग, जिवाणूजन्य मर व लवकर येणारा करपा या तिन्हींना प्रतिकार करणारा आहे. मात्र संकरित वाणाच्या फळांतील बी पुढील वर्षी पेरू नये. त्यापासून सारखी झाडे मिळत नाहीत.

रोपे तयार करणे

एक मीटर लांब, एक मीटर रुंद व १५ सेंटिमीटर उंचीचा गादीवाफा घरगुती गरजेस भरपूर होतो. त्यात चांगले कुजलेले शेणखत व थोडी ट्रायकोडर्मा भुकटी मिसळावी. दहा सेंटिमीटर अंतरावर ओळी पाडून बी एक सेंटिमीटर खोल व विरळ पेरावे. दाट पेरलेली व सतत ओली राहिलेली रोपे जमिनीलगत कुजून कोलमडतात.

पांढरी माशी कोवळ्या रोपांना विषाणूची लागण करते आणि त्याचा परिणाम शेतात लावल्यानंतर दिसतो. म्हणून पेरणी होताच वाफ्यावर बारीक छिद्रांची नायलॉनची जाळी कमानीवर ताणून तिच्या कडा मातीने दाबाव्यात. अल्प खर्चाचा हा उपाय पुढील अनेक फवाऱ्यांपेक्षा अधिक गुणकारी आहे.

लागवड

रोपे २५ ते ३० दिवसांची व १२ ते १५ सेंटिमीटर उंचीची झाली म्हणजे लावावीत. दोन ओळींत ९० व दोन रोपांत ४५ सेंटिमीटर अंतर ठेवावे. प्रत्येक खड्ड्यात दोन किलो कुजलेले शेणखत व मूठभर निंबोळी पेंड मातीत मिसळावी. लागवड सायंकाळी करून लगेच पाणी द्यावे. युरियाची मात्रा वाढवू नये, कारण त्यामुळे पाला माजतो व फळ उशिरा धरते. वाफ्याच्या कडेने झेंडू लावल्यास फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग त्यावर अंडी घालतो आणि टोमॅटोवरील उपद्रव कमी होतो.

पाणी

परसबागेत सर्वांत जास्त चूक पाण्यात होते. आठवडाभर विसर पडावा आणि मग एकदम भरपूर पाणी द्यावे, ही रीत टोमॅटोला सोसत नाही. कोरड्या झाडाला अचानक पाणी मिळाले म्हणजे फळाची साल उकलते. तसेच ओलावा कमीजास्त होत राहिल्यास फळापर्यंत पुरेसा चुना पोहोचत नाही व देठाच्या विरुद्ध टोकाला काळा, खोलगट डाग पडतो. हा डाग रोगाचा नसल्याने त्यावर कोणताही फवारा चालत नाही. पाणी नियमित करताच नवी फळे चांगली येऊ लागतात.

हिवाळ्यात हलक्या जमिनीस चार-पाच दिवसांनी व भारी जमिनीस सात-आठ दिवसांनी पाणी द्यावे. बोटभर खोल माती चाचपून अंतर ठरवावे. पाणी सकाळी व बुंध्याशी द्यावे. पाने भिजली की करप्यास वाव मिळतो. झाडाभोवती उसाचे पाचट, भाताचा पेंढा किंवा वाळलेले गवत पसरल्यास ओल टिकते आणि पाण्यासोबत मातीचे शिंतोडे पानांवर उडत नाहीत. मोरीचे पाणी वापरायचे झाल्यास त्यात कपड्यांची पूड किंवा सोडा नसावा व ते पानाफळांवर पडू देऊ नये.

आधार व स्वच्छता

लागवडीनंतर तीन आठवड्यांच्या आत दीड ते दोन मीटर उंचीची काठी रोवून झाड सुतळीने सैल बांधावे. फळे फुटू लागल्यावर जमिनीलगतची पाने काढून टाकावीत. उंच वाढणाऱ्या वाणांत पानांच्या बगलेतील फूट खुडावी. बुटक्या, झुडपी वाणांत ती खुडू नये, कारण फळे तिच्यावरच धरतात. तंबाखू मळणाऱ्याने हात साबणाने धुतल्याशिवाय झाडांना स्पर्श करू नये. तंबाखूतील विषाणू हाताने टोमॅटोवर पसरतो.

रोग व किडी

दर दोन दिवसांनी पानांची खालची बाजू पाहावी. पाने वर वळून आकसलेले व खुरटलेले झाड बरे होत नाही. ते ताबडतोब उपटून पुरावे. खालच्या पानांवर वर्तुळाकार कड्यांचे तपकिरी डाग दिसताच ती पाने तोडून नष्ट करावीत. पोखरलेली फळे व अळ्या हाताने वेचाव्यात. पानांत नागमोडी पोकळ्या करणारी टुटा ही अळी भारतात २०१४ साली प्रथम आढळली. तिने ग्रासलेली पानेही अशीच काढावीत.

फवारणी आवश्यकच वाटली, तर निंबोळी अर्क वापरावा. ५० ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर पाण्यात भिजवावी, सकाळी गाळून एक लिटर द्रावण करावे, त्यात चिमूटभर साबण मिसळावा व सायंकाळी फवारावे.

तोडणी

लागवडीपासून साधारण दोन-अडीच महिन्यांनी फळे तयार होतात. पक्ष्यांचा त्रास असल्यास रंग फिरताच फळ तोडून घरात पिकवावे. सरळ वाणाचे बी ठेवायचे असल्यास उत्तम झाडावरील पूर्ण पिकलेल्या फळांचा गर एक-दोन दिवस आंबवून धुवावा व बी सावलीत वाळवावे.

ग्रामकार्यकर्त्यांनी गावातील एखाद्या परसात जाळीखालील वाफा व आच्छादन केलेली झाडे आणि त्यांच्या शेजारी नेहमीच्या रीतीने लावलेली झाडे दाखवावीत. दोहोंतील फरक घरच्या स्त्रिया स्वतः पाहतील, तेव्हा औषधाच्या बाटलीकडे हात जाण्यापूर्वी वाफ्याकडे व पाण्याकडे लक्ष जाईल.