मगरीचें पिलूं आणि वानर
(मत्सर, मैत्री व विद्या यांविषयीं पाठ)

वाचावयाचे भाग : १ शमुवेल १८:१-११, निर्गम ३५:३०-३५.

मुलांच्या चित्रांच्या पुस्तकांत वडील माणसांनींही शिकावें असें कधीं कधीं पुष्कळ असतें. लिओ लिओनी (१९१०-१९९९) हा आम्स्टरडॅम शहरीं जन्मलेला चित्रकार. आगगाडीच्या प्रवासांत नातवंडांस रमविण्यासाठीं त्यानें रंगीत कागदाचे तुकडे फाडून एक गोष्ट रचिली. तेंच त्याचें मुलांसाठीं पहिलें पुस्तक होऊन १९५९ सालीं छापलें गेलें. पुढें १९८३ सालीं त्याचें ‘कॉर्नेलियस’ हें पुस्तक निघालें. हें नांव म्हणजे आपल्या शास्त्रांतील कर्नेल्य होय; परंतु येथें तें एका मगरीच्या पिलाचें आहे.

गोष्ट अशी. नदीकांठीं अंडीं फुटलीं व पिलें सरपटत बाहेर आलीं. कर्नेल्य मात्र उभा चालत आला. उभें राहिल्यानें त्याला झुडपांपलीकडचें दिसे, पाण्यांतील मासे वरून दिसत. हें त्यानें इतरांस सांगितलें, तेव्हां त्यांत काय विशेष, असें म्हणून त्यांनीं तें उडवून लाविलें. तो रागावून निघून गेला. वाटेंत त्याला एक वानर भेटला. त्याला डोक्यावर उभें राहतां येई व शेपटीनें लोंबकळतां येई. हें मला शिकतां येईल काय, असें कर्नेल्यानें विचारलें. वानरानें आनंदानें साह्य केलें, कर्नेल्यानें फार मेहनत केली, आणि तो दोन्ही गोष्टी शिकला. मग तो मोठ्या अभिमानानें नदीकांठीं परत आला. परंतु पुनः तेंच उत्तर मिळालें. निराश होऊन तो वानराकडे जावयास निघाला व सहज मागें वळून पाहतो तों काय! सगळ्या मगरी डोक्यावर उभ्या राहण्याच्या व शेपटीनें लोंबकळण्याच्या खटपटींत एकमेकींवर पडत होत्या.

पहिली गोष्ट. मत्सर आपल्या खऱ्या रूपानें क्वचितच येतो. तो बेपर्वाईचें पांघरूण घेऊन येतो. जी वस्तु आपणांस खरोखर क्षुल्लक वाटते, ती आपण विसरून जातों. मगरी विसरल्या नाहींत. कर्नेल्याची पाठ फिरतांच त्या तेंच करूं लागल्या. शौलाकडे पाहा. दावीदाच्या वीणेनें त्याला आराम पडत असे (१६:२३). परंतु स्त्रियांनीं दावीदाची अधिक वाखाणणी केल्यावर, तोच हात वीणा वाजवीत असतां शौलानें त्यावर भाला फेंकिला. ज्या गुणानें त्याचें हित होत होतें, त्यावरच तो उठला.

दुसरी गोष्ट. खरा मित्र आपली विद्या झांकून ठेवीत नाहीं. वानरानें शिकविलें म्हणून त्याची विद्या उणी झाली नाहीं. योनाथान तर राजपुत्र. दावीद वाढला तर सिंहासन जाणार. तरी त्यानें आपला झगा, तरवार, धनुष्य व कमरबंद काढून त्याला दिला. बसालेल व अहलियाब यांस देवानें कारागिरी दिलीच, पण दुसऱ्यांस शिकविण्याची बुद्धिही दिली, हें निर्गमांत मुद्दाम लिहिलें आहे. शिकविणें हेंही देवाचें दानच आहे.

तिसरी गोष्ट. कर्नेल्याचीही चूक होती. तो शिकला तें दाखविण्यासाठीं. म्हणून वाहवा न मिळतांच त्याचा आनंद मावळला. बसालेलाची कारागिरी निवासमंडपासाठीं होती. ती लोकांच्या स्तुतीवर अवलंबून नव्हती.

हा पाठ लिहितांना माझाच अपराध मला आठवतो. एका खेड्यांतील मंडळींत एक तरुण मजूर रात्रीं बसून बसून पेटी वाजवावयास शिकला व एके रविवारीं त्यानें भजनास साथ केली. उपासनेनंतर सर्व त्याच्याभोंवतीं जमले. माझ्या उपदेशाविषयीं कोणी चकार शब्द काढिला नाहीं. मीं हंसत म्हटलें, “पेटीचें काय, सवयीनें कोणालाही येते.” पुढच्या रविवारीं त्यानें पेटी उघडली नाहीं. मीं त्याच्या घरीं जाऊन क्षमा मागितली व त्यानें ती मनापासून केली. परंतु पेटीला पुनः हात लावावयास त्याला वर्ष लागलें. तें वर्षभर मंडळी साथीवांचून गात होती, आणि त्याचें कारण मी होतों.

म्हणून, बंधूंनो, “त्यांत काय मोठेंसें” हे शब्द ओठांवर आले म्हणजे थांबा व मन तपासा. दुसऱ्याच्या आनंदांत सामील व्हावें असें पौल रोमकरांस लिहितो (१२:१५). त्याची सुरुवात एवढ्यानेंच होते : “तूं हें चांगलें शिकलास, मलाही शिकीव.”

वर्गासाठीं प्रश्न :
१. शौल व योनाथान यांपैकीं दावीदामुळें अधिक नुकसान कोणाचें होणार होतें?
२. आपल्या मंडळींत कोणाचा गुण आपण हलका लेखिला आहे? त्याच्याकडे जाऊन काय बोलावें?
३. मला जें येतें तें या वर्षीं मी कोणास शिकवीन?

प्रार्थना : हे प्रभो, दुसऱ्यास दिलेलें तुझें दान पाहून आम्हांस आनंद होऊं दे, आणि आम्हांस दिलेलें दान आम्हीं लपवूं नये असें कर. आमेन.