विषय ठरला नसेल, तर कॉलेज कसं निवडाल?

फिजिक्स आवडतं, बायोलॉजीही आवडतं, कोडिंगही जमतं. जेईईचा रँक बरा आहे, आयसरच्या परीक्षेतही नंबर लागण्यासारखा आहे. पण ‘नक्की काय करायचंय?’ असं विचारलं की मूल गप्प. अशा वेळी आईवडिलांचा जीव टांगणीला लागणं साहजिक आहे. मात्र सतराव्या-अठराव्या वर्षी याचं उत्तर नसणं हा दोष नाही. बारावीपर्यंत ज्या विषयांची धड ओळखही झालेली नसते, त्यांतला एक आयुष्यभरासाठी कसा निवडणार?

फक्त अशा मुलांनी कॉलेजांची तुलना वेगळ्या पद्धतीने करावी. नाव, रँकिंग, पॅकेज हे सगळं नंतर. आधी पाहा: इथे विषय कधी ठरवावा लागतो आणि पुढे तो बदलता येतो का?

उशिरा ठरवू देणाऱ्या संस्था

2006 मध्ये सुरू झालेल्या आयसर पुणे इथे बीएस-एमएस अभ्यासक्रम पाच वर्षांचा आहे. सुरुवातीला गणित, फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी या चारही विषयांचा पाया घातला जातो, एका विषयावर भर पुढे येतो. बंगळुरूच्या आयआयएससीमध्ये चार वर्षांच्या बीएस (रिसर्च) पदवीची पहिली तीन सत्रंही अशीच सामायिक असतात. मात्र गणित नकोसं वाटणाऱ्या बायोलॉजीप्रेमी मुलालाही इथे गणितातून सुटका नाही, हे आधीच लक्षात घ्या. ओढ विज्ञान आणि अर्थशास्त्र किंवा मानसशास्त्र अशी दोन्हीकडे असेल, तर पुण्याचं फ्लेम किंवा सोनिपतचं अशोका पाहा. तिथे खासगी विद्यापीठाची फी भरावी लागते, म्हणून शिष्यवृत्तीचे नियम अर्ज करण्याआधीच वाचा.

इंजिनीअरिंगची गोष्ट वेगळी

आयआयटींसारख्या संस्थांच्या ‘जोसा’ या सामायिक प्रवेशप्रक्रियेत संस्था आणि ब्रांच एकत्रच मिळतात. ‘फ्लोट’ म्हणजे यादीतल्या वरच्या कोणत्याही पसंतीसाठी थांबणं, ‘स्लाइड’ म्हणजे त्याच संस्थेत वरच्या पसंतीच्या ब्रांचसाठी थांबणं. वरची जागा मिळाली की हातातली आपोआप जाते आणि यादी लॉक झाल्यावर क्रम बदलता येत नाही. त्यामुळे शेजारच्या मुलाची यादी उतरवून घेऊ नका. प्रत्येक दोन पर्यायांपुढे विचारा, ‘दोन्ही मिळाले तर कोणता घेईन?’

‘आधी आत शिरू, ब्रांच मग बदलू’ या भरवशावर तर मुळीच राहू नका. जिथे ही सोय आहे तिथे ती पहिल्या वर्षाच्या गुणांवर आणि रिकाम्या जागांवर अवलंबून असते. काही आयआयटींनी ती बंदच केली आहे.

प्रवेशाआधी एवढं करा

संस्थेच्या वेबसाइटवरून पहिल्या दोन वर्षांचा अभ्यासक्रम उतरवून घ्या आणि मुलासोबत बसून एकेक विषय वाचा. मग दुसऱ्या वर्षातल्या एखाद्या विद्यार्थ्याला गाठून विचारा: ‘गेल्या वर्षी विषय बदलायला किती जणांनी अर्ज केला? किती जणांना मिळाला?’ माहितीपुस्तिकेत न सापडणारी गोष्ट इथे कळते.

एवढं करूनही दोन कॉलेजं सारखीच वाटली, तर जिथे निर्णय उशिरा घेता येतो आणि जिथली फी घराला झेपते, ते घ्या. आणि पालकांनो, पहिल्या वर्षी ‘ठरलं का?’ असा तगादा लावू नका. ‘या सत्रात कोणत्या तासाला वेळ कसा गेला ते कळलं नाही?’ असं विचारा. विषय निवडायला त्या उत्तराचाच खरा उपयोग होतो.