मागून आलेली मुले पुढे जातात तेव्हा

प्रश्न : चाळिशीत ज्युदो सुरू केलेल्या एका वाचकांना खंत आहे, की मागून आलेली मुले वरच्या पट्ट्यावर गेली. ही तुलना थांबवायची कशी?

उत्तर : थांबवायची कशाला? तिच्यातून शिकावे. ज्युदोचे जनक जिगोरो कानो स्वतः अंगापिंडाने लहान. टोकियोत जुजुत्सू शिकताना फुकुशिमा नावाचा थोराड सहाध्यायी त्यांना काही केल्या पाडता येत नसे. कानोंनी सुमोचे डाव घालून पाहिले, जमेना. मग ग्रंथालय गाठले आणि पाश्चात्त्य कुस्तीवरच्या पुस्तकात वाट सापडली. खाली वाकायचे, एका हाताने बाही ओढायची, दुसरा मांड्यांत घालायचा, गडी आडवा खांद्यावर घ्यायचा.

फुकुशिमा पडला! तो डाव आज 'काता-गुरुमा' म्हणून शिकवतात.

कानोंनी १८८२ मध्ये कोदोकान ही ज्युदोची शाळा स्थापन केली, पुढच्याच वर्षी 'दान' या प्रावीण्याच्या श्रेणी दिल्या. रंगीत पट्टे बरेच नंतर, युरोपात रुळले.

तेव्हा वाचकांनी पट्ट्याचा रंग सोडून पुढे गेलेल्या एखाद्या मुलाची पकड पाहावी. कॉलर कधी धरतो, पाय कुठे टाकतो? सराव संपल्यावर वयाचा संकोच न बाळगता त्यालाच विचारावे. चाळिशीतल्या शरीराला सावरायला जास्त वेळ लागतो. म्हणून वेगाची बरोबरी मात्र खरोखरच सोडून द्यावी.