गल्ल्यावर बसूनही नाम : शीख जीवनमार्गाचे रोजचे धडे



"साधना करायची खूप इच्छा आहे, पण वेळच मिळत नाही." हे वाक्य आपण सर्वांनी कधी ना कधी उच्चारले आहे. सकाळी कॉलेज किंवा ऑफिस, दुपारी कामाचा रगाडा, संध्याकाळी रस्त्यावरची गर्दी आणि रात्री हातात मोबाइल. या धावपळीत देवापुढे दिवा लावण्याची पाच मिनिटे कशीबशी निघतात. मग आपण मनाची समजूत घालतो, की जबाबदाऱ्या संपल्या की निवांतपणे अध्यात्माकडे वळू.

मी रायपूरला राहते. आमचे घर मराठी, पण गल्लीत दोन शीख कुटुंबे आहेत. स्टेशन रोडच्या आणि तेलीबांध्याच्या गुरुद्वाऱ्यात मी लहानपणापासून जात आले आहे. छत्तीसगडचे गुरू नानकदेवांशी जुने नाते आहे, असे इथले लोक मानतात. महासमुंद जिल्ह्यात बसनाजवळ गढफुलझर हे गाव आहे. पुरीच्या वाटेवर गुरू नानकदेव तिथे थांबले होते, अशी श्रद्धा आहे. पण वेळ नसल्याच्या तक्रारीचे उत्तर मला कोणत्याही तीर्थस्थानी मिळाले नाही. ते शेजाऱ्यांच्या रोजच्या वागण्यातून मिळाले. धर्म हे दिवसभराच्या कामांच्या यादीतले आणखी एक काम नाही. यादीतली बाकीची कामे आपण कशी करतो, त्यातच आपला धर्म दिसतो.

आज या एकाच गोष्टीचा स्वाध्याय करू या.

आपल्याच नामदेवांचे उत्तर

शीख मार्ग हा पंजाबचा, आपला त्याच्याशी काय संबंध, असे कोणाला वाटू शकते. पण गुरू अर्जनदेवांनी 1604 मध्ये जो ग्रंथ सिद्ध केला, त्यात आपल्या संत नामदेवांची 61 पदे आहेत. महाराष्ट्राचेच मानले जाणारे संत त्रिलोचन यांची पदेही त्यात आहेत. गुरुदासपूर जिल्ह्यातील घुमान येथे नामदेवांचे दीर्घकाळ वास्तव्य होते. त्यांच्या स्मरणार्थच 2015 साली 88 वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला भरले. पुढे 1708 मध्ये गुरू गोविंदसिंहांनी आपल्या नांदेडमध्ये, गोदावरीच्या काठी, या ग्रंथालाच गुरुपद दिले. म्हणजे ज्या ग्रंथापुढे जगभरातील शीख माथा टेकवतात, त्यात आपल्या एका शिंप्याचा आवाज आहे, आणि त्या ग्रंथाला गुरुपद मिळाले तेही मराठी भूमीवर.

याच ग्रंथात, संत कबीरांच्या वचनांत, नामदेव आणि त्रिलोचन यांचा एक संवाद येतो. त्रिलोचन विचारतात, तू या कापडाच्या कामात काय गुंतून पडलास? रामाकडे चित्त का लावत नाहीस? नामदेवांच्या उत्तराचा भाव असा : तोंडाने नाम घ्यावे, हातापायांनी आपले काम करावे आणि चित्त मात्र त्या निर्मळ परमेश्वरापाशी ठेवावे.

लक्षात घ्या, नामदेवांनी काम सोडले नाही, आणि घाईघाईने उरकलेही नाही. त्यांनी कामाची आणि नामाची वेळ वेगळी केली नाही. "वेळ मिळत नाही" या आपल्या तक्रारीचे उत्तर सुमारे सातशे वर्षांपूर्वीच दिले गेले आहे, आणि तेही आपल्याच माणसाने.

तीन सूत्रे

शीख परंपरेत रोजच्या जीवनासाठी तीन सूत्रे सांगितली जातात.

1. नाम जपणे – परमेश्वराचे स्मरण ठेवणे.
2. किरत करणे – प्रामाणिक कष्टाने कमावणे.
3. वंड छकणे – मिळालेले वाटून खाणे.

यातील दुसऱ्या शब्दापाशी आपण थोडे थांबू. मराठी कानाला 'किरत' ऐकून 'कीर्ती' आठवते. मी स्वतः एका हिंदी लेखाचे भाषांतर करताना ही चूक केली होती आणि 'कीर्ती मिळवावी' असे लिहून बसले होते. शेजारच्या काकांनी हसून चूक दाखवली. किरत म्हणजे हातून घडणारे काम, घाम गाळून केलेला उद्योग. नाव होवो वा न होवो, काम चोख असावे. माझ्या एका चुकीने अर्थ अगदी उलटा झाला होता.

ही तीन सूत्रे तीन वेगळ्या खोल्यांसारखी नाहीत. नाम नसेल तर कमाईत लबाडी शिरते. कमाई स्वच्छ नसेल तर दान दिखाऊ होते. आणि वाटून खाण्याची सवय नसेल तर नामसुद्धा फक्त आपल्यापुरते उरते.

मोदीखान्याचा हिशोब

मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी असल्यामुळे गुरू नानकांच्या चरित्रातील एक प्रसंग मला फार जवळचा वाटतो. तरुणपणी ते सुलतानपूर लोधी येथे नवाब दौलतखान लोधी यांच्या मोदीखान्यात, म्हणजे धान्याच्या कोठारात, कारभारी होते. जनमसाखीत सांगितले आहे की धान्य मोजताना बारापर्यंत मोजून झाले आणि 'तेरा' आले, की ते तिथेच रमून जात. तेरा म्हणजे संख्या, आणि 'तेरा' म्हणजे 'तुझे'. हे सगळे तुझेच आहे, या भावात ते मोजत राहत. लोकांनी नवाबाकडे चुगली केली, की हा माणूस कोठार रिकामे करतो आहे. तपासणी झाली. हिशोब चोख निघाला.

या कथेतला 'तेरा'चा भाग आपण भक्तिभावाने ऐकतो. पण शेवटचा भाग तितकाच महत्त्वाचा आहे. भक्तीत रमलेल्या माणसाचा हिशोब तपासला गेला आणि तो बरोबर निघाला. 'देवाचा माणूस आहे, हिशोबात थोडे इकडेतिकडे चालायचेच', अशी सूट या मार्गात नाही.

दुसरा प्रसंग भाई लालो आणि मलिक भागो यांचा. लालो हे सुतार. भागो हा श्रीमंत अधिकारी. भागोने मोठे अन्नदान मांडले, पण गुरू नानक लालोंच्या घरची साधी भाकरी खात राहिले. जाब विचारला तेव्हा त्यांनी दोघांच्या घरचे अन्न हातात घेऊन पिळले. लालोंच्या भाकरीतून दूध आणि भागोच्या पक्वान्नातून रक्त निघाले, असे परंपरा सांगते. चुकीच्या मार्गाने आलेला पैसा दानाने धुतला जात नाही, हा याचा बोध.

माझी परीक्षा

हे सगळे वाचायला सोपे आहे. माझ्या बाबतीत काय झाले, ते प्रामाणिकपणे सांगते.

शिकत असताना मी एका व्यापाऱ्याकडे दुपारी टॅलीमध्ये नोंदी करण्याचे काम करत होते. महिन्याला चार हजार रुपये मिळत. माझे फॉर्म, पुस्तके, बसभाडे त्यातून भागे. मार्च महिन्यात मालकांनी एक खरेदीचे बिल दिले. मी विचारले, "अंकल, हा माल गोदामात आलेला नाही." ते म्हणाले, "माल कागदावर आला आहे, बेटा. तू एंट्री कर."

ज्यांना या विषयाची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगते. खरेदीवर भरलेला जीएसटी विक्रीवरच्या जीएसटीतून वजा करता येतो. न झालेली खरेदी दाखवली, की तेवढा कर वाचतो. म्हणजेच सरकारच्या, पर्यायाने सगळ्यांच्या, पैशांची ती चोरी असते.

मी ती नोंद केली. हात थरथरला वगैरे काही झाले नाही. दोन मिनिटांचे काम होते. त्या दिवशी सकाळी मी जपही केला होता.

त्या रविवारी मी गुरुद्वाऱ्यात लंगरच्या भांड्यांच्या सेवेला गेले. माझ्या शेजारी एक वयस्कर बीजी ताटे धूत होत्या. मी धुतलेले ताट त्यांनी उचलले, उलटे केले आणि परत माझ्या हातात दिले. म्हणाल्या, "पुत्तर, मागून पण घास. खाणाऱ्याला दिसत नाही, पण ताट तर तेच आहे ना." त्यांना माझ्या बिलाबद्दल काहीच माहीत नव्हते. पण मला माझी मागची बाजू दिसली.

पुढच्या महिन्यात तसेच दुसरे बिल आले, तेव्हा मी नाही म्हणाले. आधीचीही नोंद उलटवावी, अशी विनंती केली. मालक रागावले नाहीत, हसले. "एवढ्याने काही होत नाही," म्हणाले. आणि एक तारखेपासून येऊ नकोस, असेही सांगितले. घरी आईला सांगितले तेव्हा ती आधी काळजीत पडली, मग म्हणाली, "बरे झाले." पुढचे काही महिने हात आखडून काढले. ती पहिली नोंद मात्र मला पुसता आली नाही. ती माझ्याच हातची आहे, हे मी विसरू नये म्हणून इथे लिहिते आहे.

वाचकहो, परीक्षा मोठा गाजावाजा करत येत नाही. ती दोन मिनिटांच्या एंट्रीच्या रूपाने येते. म्हणूनच सकाळच्या जपाचा धागा दुपारच्या टेबलापर्यंत पोहोचला पाहिजे.

धागा तुटू नये म्हणून

हा धागा टिकावा यासाठी शीख परंपरेने दिवसाची आखणी केली आहे. पहाटे अमृतवेळी जपुजी साहिब, संध्याकाळी रहिरास आणि झोपण्यापूर्वी सोहिला. म्हणजे दिवसाची सुरुवात, दिवेलागण आणि शेवट, तिन्ही वेळी मन पुन्हा मूळ जागी आणून ठेवायचे. मधला वेळ कामाचा.

1699 मध्ये आनंदपूर साहिब येथे गुरू गोविंदसिंहांनी खालसा पंथाची स्थापना केली. तेव्हा शीर अर्पण करायला पुढे आलेल्या पंचप्यारांपैकी भाई साहिबसिंह आपल्या मराठवाड्याला लागून असलेल्या बीदरचे होते. अमृतधारी शीख केस, कंगा, कडे, कछेरा आणि किरपान ही पाच चिन्हे सदैव अंगावर बाळगतात. आमच्या शेजारच्या काकांचे स्पेअर पार्ट्‌सचे दुकान आहे. ते म्हणतात, "पैसे मोजताना, बिल फाडताना, सही करताना माझे कडे माझ्या डोळ्यांसमोर असते. मी कुठेही गेलो तरी गुरूचा शीख म्हणून ओळखला जातो. मग लबाडी करून तोंड कुठे लपवू?" आपली चिन्हे वेगळी असतील. पण आपल्या हाताला आठवण करून देणारे काही तरी आपल्यापाशी असायला हवे.

पंगत

'पंगत' हा शब्द आपल्याला नवा नाही. लग्नात, भंडाऱ्यात आपण पंगतीला बसतोच. लंगरमध्येही हाच शब्द आहे. तिसरे गुरू अमरदास यांनी गोइंदवालला नियम घातला, की भेटीला येणाऱ्याने आधी सर्वांबरोबर पंगतीत जेवावे. अकबर बादशाहही असाच जमिनीवर बसून जेवला, अशी परंपरा आहे. तिथे कोण कोणाच्या शेजारी बसेल, हे जात किंवा पैसा ठरवत नाही.

याचे अलीकडचे उदाहरण महाराष्ट्रातलेच आहे. यवतमाळ जिल्ह्यात करंजीजवळ, नागपूर-हैदराबाद महामार्गावर गुरुद्वाऱ्याचा एक लंगर आहे. 2020 च्या टाळेबंदीत हॉटेले, ढाबे बंद होते आणि मजूर, ट्रकचालक त्या रस्त्याने चालले होते. तेव्हा वयाची ऐंशी गाठलेले बाबा कर्नैलसिंग खैरा आणि त्यांचे सेवेकरी रात्रंदिवस जेवण वाढत राहिले. लाखो लोक तिथे जेवून पुढे गेले. कोणालाही धर्म विचारला गेला नाही.

असा लंगर एका दिवसात उभा राहत नाही. त्यामागे 'दसवंध' असतो, म्हणजे कमाईचा दहावा भाग समाजासाठी काढण्याची शिस्त. उरले तर देऊ, असे नाही. आधी बाजूला काढायचे आणि मग खर्च करायचा. हिशोबाच्या भाषेत सांगायचे तर दान ही महिनाअखेरची शिल्लक नव्हे, ती वहीतली पहिली नोंद आहे.

आजपासून काय करता येईल

आपण ज्या मार्गाने चालतो तो न सोडता या धड्यांचा उपयोग करता येईल.

- दिवसात तीन वेळा, सकाळी, दिवेलागणीला आणि झोपताना, दोन मिनिटे शांत बसून स्मरण करावे. मधल्या वेळी हात कामात असू द्यावेत.
- रोजच्या कामातील कोणाला न दिसणारी एक गोष्ट निवडावी आणि ती नीट करावी. ताटाची मागची बाजू प्रत्येकाच्या कामात असते.
- उत्पन्न किंवा खाऊचे पैसे हातात येताच त्यातला ठरावीक भाग आधी वेगळा काढावा. दहावा नाही जमला तर विसावा, पण आधी.
- महिन्यातून एकदा, जिथे आपल्याला कोणी ओळखत नाही, अशा ठिकाणी सेवा करावी. जवळ गुरुद्वारा असेल तर डोके झाकून, पाय धुऊन खुशाल जावे. भांडी घासायला जागा मिळेल.

शीख बांधवांची अरदास 'सरबत दा भला' म्हणजे सर्वांच्या कल्याणाच्या मागणीने संपते. आज रात्री झोपण्यापूर्वी आपणही सर्वांसाठी तेच मागू या. आणि त्यानंतर स्वतःला एकच प्रश्न विचारू या : आज माझा हिशोब कोणी तपासला असता, तर तो चोख निघाला असता का?