‘गोरी’ ते ‘उजळ’ : सौंदर्यप्रसाधनांच्या जाहिरातींतील लिंगभाव आणि विविधता

१. प्रास्ताविक

जाहिरात ही साहित्यकृती नव्हे. परंतु ती भाषेने घडविलेली संहिता निश्चितच असते. तिच्यात निवेदक असतो, पात्रे असतात, संघर्ष असतो आणि त्याचे निराकरणही असते. हे सारे काही सेकंदांत किंवा दोन ओळींत साधावयाचे असल्यामुळे तिच्यातील शब्दांची निवड काटेकोर असते. रोलाँ बार्थ यांनी ‘मिथॉलॉजीज’ (१९५७) या ग्रंथात साबणाची पूड आणि सौंदर्यप्रसाधने यांच्या जाहिरातींचे वाचन केले, तेव्हा साध्या वस्तूभोवती मिथक कसे उभे राहते हे त्यांनी दाखविले. अर्व्हिंग गॉफमन यांनी ‘जेंडर ॲडव्हर्टाइझमेंट्स’ (१९७९) या ग्रंथात जाहिरातींतील छायाचित्रे तपासली. स्त्री-पुरुष प्रत्यक्षात कसे वागतात हे जाहिरात दाखवीत नाही, तर त्यांनी कसे असावे याविषयीची समाजाची कल्पना ती विधीसारखी पुनःपुन्हा मांडते, असे त्यांच्या विवेचनाचे सार सांगता येईल.

प्रस्तुत लेखात भारतातील गोरेपणाच्या क्रीमच्या जाहिरातींचा विचार केला आहे. १९७५ ते २०२१ या काळात या जाहिरातींनी स्त्रीसोबत पुरुषाला आपल्या कथेत घेतले, ‘गोरेपणा’ हा शब्द मागे सारला आणि पुढे विविधतेचाही पुरस्कार केला. हे परिवर्तन किती खोलवर गेले, हा येथील मुख्य प्रश्न आहे. पात्रे आणि शब्द बदलले, तथापि कथनाचा सांगाडा तसाच राहिला; आणि तो तसा राहण्यास भाषेतील रंगवाचक शब्दांचे संचित कारणीभूत झाले, असे येथील प्रतिपादन आहे.

२. रंगाचे शब्द आणि त्यांचे व्याकरण

जाहिरातीने मराठी माणसाला गोरेपणाची ओढ शिकविली, असे म्हणणे अतिसुलभ ठरेल. तो आकस भाषेत आधीपासून आहे. ‘गोरागोमटा’ या जोडशब्दातील ‘गोमटा’ म्हणजे सुंदर. त्यामुळे रंग आणि सौंदर्य तेथे एकजीव झालेले दिसतात. उलटपक्षी ‘काळा’ या विशेषणाला ‘कुट्ट’, ‘बेंद्रा’ अशी शेपटे जोडली जातात. ‘तोंड काळे करणे’, ‘काळिमा फासणे’ या प्रयोगांत रंग हा दुष्कृत्याचा पर्याय बनतो. वधू-वर सूचक जाहिरातींत ‘निमगोरी’, ‘गव्हाळ’ अशी सावध श्रेणी आढळते. ‘सावळी पण नाकीडोळी नीटस’ हे वर्णन तर घराघरांतून ऐकू येते. मराठी व्याकरणात ‘पण’ हे न्यूनत्वबोधक उभयान्वयी अव्यय मानले जाते. पहिल्या विधानात काही उणे आहे, हे सांगणे त्याचे कार्य होय. वरील वाक्यात सावळेपणा उणा आहे असे कोणी म्हटलेले नाही. ते ‘पण’ने म्हटले आहे.

मात्र याच भाषेत दुसरा प्रवाहही आहे. वारकरी परंपरेत ‘सावळा’ हे विठ्ठलाचे अत्यंत जिव्हाळ्याचे विशेषण आहे, आणि शेतकरी जमिनीला ‘काळी आई’ म्हणतो. म्हणजे रंगाच्या शब्दांचे मूल्य भाषेत कायमचे ठरलेले नसून संदर्भाने ठरते. जाहिरातीने या दोन प्रवाहांपैकी पहिलाच उचलला, ही तिची निवड होय.

येथे एक व्याकरणिक बाब ध्यानात घेणे आवश्यक आहे. ‘गोरा-गोरी-गोरे’, ‘काळा-काळी-काळे’, ‘सावळा-सावळी-सावळे’ ही विशेषणे विकारी आहेत. रंग सांगताच लिंगही सांगावे लागते. ‘उजळ’, ‘नितळ’, ‘सतेज’, ‘तुकतुकीत’ ही विशेषणे अविकारी आहेत. ‘गोरी दिसशील’ या वाक्यातील क्रियापदाला लिंग नाही. ते केवळ विशेषणात आहे. ‘गोरी’च्या जागी ‘उजळ’ ठेवताच वाक्य स्त्री-पुरुष दोघांनाही लागू पडते. पुढील काळात प्रसाधनांच्या भाषेला ‘उजळ’ हा शब्द अधिक सोयीचा का वाटावा, याचे एक कारण या व्याकरणात आहे.

३. अभावाचे कथन

गोरेपणाचा व्यापार टेलिव्हिजनपेक्षा जुना आहे. मुंबईचे ई. एस. पाटणवाला यांचे ‘अफगाण स्नो’ १९१९ पासूनचे. ‘स्नो’ म्हणजे बर्फ. शुभ्रतेचे सूचन नावातच होते, आणि ‘स्नो-पावडर’ हा जोडशब्द मराठी घरांत नट्ट्यापट्ट्याचा पर्याय म्हणून रुळला. पुढे चित्रपटतारकेचा चेहरा प्रसाधनाला जोडला गेला. लक्स साबणाच्या जाहिरातीत १९४१ साली झळकलेल्या लीला चिटणीस या त्या साबणाच्या पहिल्या भारतीय अभिनेत्री. त्या पदवीधर होत्या, मराठी रंगभूमीवरून चित्रपटात आल्या होत्या. जाहिरातीला मात्र त्यांच्या कर्तृत्वापेक्षा कांतीचे महत्त्व होते.

१९७५ साली हिंदुस्थान लिव्हरने ‘फेअर अँड लव्हली’ हे क्रीम बाजारात आणले. त्याच्या जाहिरातींत हळूहळू एक ठरीव कथानक तयार झाले. रशियन लोककथांचा अभ्यास करताना व्लादिमीर प्रॉप यांनी १९२८ साली कथेतील ‘कार्ये’ वेगळी काढून दाखविली होती: नायकाला अभाव जाणवतो, त्याला जादूची वस्तू लाभते, तो कसोटीस उतरतो आणि त्याचा गौरव होतो. क्रीमच्या जाहिरातीत हा क्रम जसाच्या तसा आढळतो. सावळा रंग हा अभाव, क्रीमची नळी ही जादूची वस्तू, विवाह किंवा नोकरी ही कसोटी आणि इतरांच्या नजरेतील कौतुक हा गौरव.

या दृष्टीने एक जाहिरात विशेष बोलकी आहे. मुलगा असता तर बरे झाले असते, अशी खंत बाप व्यक्त करतो. सावळी मुलगी ती ऐकते, क्रीम वापरते, गोरी होते, हवाई सुंदरी म्हणून नोकरी मिळविते आणि आईवडिलांना आनंदित करते. वरवर पाहता ही स्त्रीच्या अर्थार्जनाची, म्हणजे प्रागतिक कथा होय. परंतु नायिकेवरील आरोप लिंगाचा असून तिला मिळणारे उत्तर रंगाचे आहे. ‘तू मुलगा नाहीस’ या तक्रारीचे निराकरण ‘तू गोरी हो’ या सल्ल्याने केले जाते. तिचे शिक्षण अथवा बुद्धी यांना कथानकात कोणतेही कार्य नाही. अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेने अशा जाहिरातींविरुद्ध राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडे दाद मागितली, आणि २००३ साली कंपनीने त्या मागे घेतल्या. त्याच वर्षी कंपनीने स्त्रियांच्या शिक्षणासाठी त्याच नावाचे प्रतिष्ठान सुरू केले. शिष्यवृत्ती शिक्षणासाठी आणि नाव गोरेपणाचे, अशी ही जोडणी होती.

४. पुरुषाचा प्रवेश

२००५ साली इमामी या कंपनीने पुरुषांसाठी ‘फेअर अँड हँडसम’ हे क्रीम आणले. २००७ पासून अभिनेता शाहरुख खान त्याच्या जाहिरातीत आला. तत्पूर्वी २००५ सालीच तो लक्सच्या जाहिरातीत, गुलाबपाकळ्यांच्या स्नानात, अभिनेत्रींच्या समवेत दिसला होता. आजवर पाहणारा मानला गेलेला पुरुष येथे पाहिला जाऊ लागला. लिंगभावाच्या अभ्यासकाला हे महत्त्वाचे स्थित्यंतर वाटणे स्वाभाविक आहे.

तथापि पुरुषांच्या क्रीमची कथा बारकाईने वाचता निराळेच दिसते. तेथे तरुण चोरून स्त्रियांचे क्रीम वापरतो आणि पकडला जातो. त्याला लाज वाटते ती काळेपणाची आणि बायकी वस्तू वापरल्याची. पुरुषाची त्वचा राकट, म्हणून तिला वेगळे क्रीम हवे, असा युक्तिवाद पुढे येतो. एका लाजेवर उपाय सांगताना दुसरी लाज पक्की केली जाते. स्त्री-पुरुषांतील सीमारेषा पुसण्याऐवजी ती दोन नळ्यांच्या रूपाने दुकानाच्या फळीवर मांडली जाते.

ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ (१८८२) या निबंधात स्त्रीवर लादलेले दोष पुरुषांतही तितकेच, किंबहुना अधिक असल्याचे दाखवून दुटप्पी मापदंडावर आघात केला होता. जाहिरातीनेही एका अर्थी समान मापदंड आणला. मात्र तो स्त्रीला दोषमुक्त करून नव्हे, तर पुरुषालाही त्याच दोषाचा धनी करून. ही समता ग्राहकसंख्येची आहे. ताराबाईंना मापदंड नाकारावयाचा होता. जाहिरातीला तो रुंदावयाचा होता.

५. नियम, नामांतर आणि व्यंजना

२००९ साली चेन्नईच्या ‘विमेन ऑफ वर्थ’ या संस्थेने ‘डार्क इज ब्युटिफुल’ ही मोहीम सुरू केली. २०१३ साली अभिनेत्री नंदिता दास तिच्याशी जोडल्या गेल्या. २०१४ साली भारतीय जाहिरात मानक परिषदेने त्वचेचा रंग उजळविणाऱ्या उत्पादनांसाठी मार्गदर्शक तत्त्वे घोषित केली. रंगावरून भेदभाव सूचित करू नये. सावळी व्यक्ती अनाकर्षक, दुःखी वा निराश दाखवू नये. रंगाचा संबंध जात, समाज, धर्म अथवा व्यवसाय यांच्याशी लावू नये. रंगावरून लिंगभेदाला खतपाणी घालू नये, असे त्यांचे स्वरूप आहे.

२०२० च्या मे महिन्यात अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइड यांचा पोलिसांच्या हातून मृत्यू झाल्यानंतर वर्णद्वेषाविरुद्ध जगभर आंदोलने झाली. त्याचे पडसाद येथेही उमटले. त्याच वर्षी जून महिन्यात एका मोठ्या विवाहजुळणी संकेतस्थळाने रंगानुसार स्थळे निवडण्याची सोय काढून टाकली. जुलैमध्ये हिंदुस्तान युनिलिव्हरने ‘फेअर अँड लव्हली’चे ‘ग्लो अँड लव्हली’ असे नामांतर केले. पुरुषांच्या क्रीमला ‘ग्लो अँड हँडसम’ म्हटले गेले, तेव्हा ‘हँडसम’ या शब्दावरून दोन कंपन्यांतील वाद न्यायालयापर्यंत गेला. ‘फेअर’ हा शब्द सोडून देण्याजोगा ठरला होता, तर ‘हँडसम’ हा भांडण्याजोगा.

या घडामोडींचे मूल्यमापन करण्यासाठी संस्कृत काव्यशास्त्रातील अभिधा, लक्षणा आणि व्यंजना ही त्रयी उपयुक्त ठरते. नियम अभिधेला लागू होतो. ‘गोरी व्हा’ हे वाक्य निषिद्ध करता येते, काळवंडलेल्या चेहऱ्याचे उदास छायाचित्र वगळता येते. परंतु प्रसाधनाची विक्री व्यंजनेतून होते. ‘तेज’, ‘कांती’, ‘निखार’ हे शब्द वाच्यार्थाने निरुपद्रवी आहेत. ज्या वाचकाने अनेक वर्षे गोरेपणाची कथा ऐकली आहे, त्याला मात्र ते जुनाच अर्थ सुचवितात. ‘निखार’ हा हिंदीतून आलेला शब्द या संदर्भात उद्बोधक आहे. मराठीत ‘निखारा’ म्हणजे धगधगता कोळसा. हिंदी जाहिरातींच्या सहवासाने मराठी वाचक ‘निखार’ म्हणजे उजळपणा असे सहज समजू लागला.

‘उजळ’ या शब्दाची गोष्ट याहून गंभीर आहे. मराठीत ‘उजळ माथ्याने वावरणे’ म्हणजे निष्कलंकपणे, अभिमानाने वावरणे. म्हणजे ‘गोरा’ हा मुख्यतः रंगाचा शब्द होता, तर ‘उजळ’ हा नीतीचाही शब्द आहे. गोरेपणाच्या जागी उजळपणा आला, तेव्हा भेदभावाची धार बोथट झाली असे वाटते. वस्तुतः रंगाला नैतिक प्रतिष्ठेची जोड मिळाली. चेहरा उजळ नसेल तर माथा उजळ कसा असेल, हा प्रश्न शब्दाच्या आडून विचारला जातो. तो कोणी उच्चारीत नसल्याने त्याला आक्षेपही घेता येत नाही.

अर्थात नामांतर निरर्थक होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. जो शब्द वेष्टनावर उघडपणे छापता येत नाही, तो निदान लज्जास्पद ठरलेला असतो. सार्वजनिक भाषेतील असे बदल चळवळींनी मिळविलेले असतात. प्रश्न एवढाच की, त्या बदलाला शेवट मानावे की प्रारंभ.

६. विविधतेची मर्यादा

२०२१ च्या ऑक्टोबर महिन्यात डाबर कंपनीच्या ‘फेम’ या ब्लीचची एक जाहिरात आली. दोन तरुणी परस्परांसाठी करवा चौथचा उपवास करतात, आणि घरातील वडीलधारी स्त्री त्यांचे कौतुक करते. समलैंगिक जोडप्याला कुटुंबाच्या आणि सणाच्या चौकटीत इतक्या सहजतेने दाखविणे ही भारतीय जाहिरातीत असाधारण गोष्ट होती. मध्य प्रदेशच्या तत्कालीन गृहमंत्र्यांनी कायदेशीर कारवाईचा इशारा दिला, आणि कंपनीने क्षमा मागून जाहिरात मागे घेतली.

जाहिरात मागे घ्यावी लागणे हे खेदजनक होते. परंतु संहिता म्हणून वाचता तिच्यात एक अंतर्विरोध दिसतो. जाहिरातीतील वस्तू ब्लीच, म्हणजे चेहरा उजळविणारे प्रसाधन आहे. दोघींचे प्रेम जसे आहे तसे स्वीकारले जाते, त्वचा मात्र जशी आहे तशी स्वीकारली जात नाही. ‘जादूची वस्तू’ आणि ‘गौरव’ ही प्रॉपची कार्ये येथेही शाबूत आहेत. फक्त नायकाच्या जागी दुसरी नायिका आली आहे. विविधता पात्रयोजनेत आली, कथनात आली नाही.

७. समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, सौंदर्यप्रसाधनांच्या जाहिरातींतील प्रतिनिधित्वाचा विचार केवळ कोण दिसते या प्रश्नापाशी थांबविणे अपुरे आहे. दिसणाऱ्याला कोणता अभाव चिकटविला जातो, तो कोणाच्या नजरेने मोजला जातो आणि त्याची पूर्तता झाल्याचे कोण ठरविते, हे प्रश्न अधिक मूलगामी आहेत. स्त्री, पुरुष, समलैंगिक जोडपे अशी पात्रे क्रमाने आली. उणेपणाची जागा रिकामी झाली नाही.

मराठीच्या वर्गात या प्रश्नाला विशेष स्थान आहे. कथा-कादंबऱ्यांतील नायिकेचे वर्णन, वधू-वर सूचक जाहिरात आणि क्रीमची जाहिरात या तीन संहिता एकत्र वाचल्या, तर विशेषणांची एकच शब्दकळा तिन्हींतून कशी फिरते हे विद्यार्थ्यांना दाखविता येईल. त्या वर्गात सावळ्या मुली आणि मुलेही बसलेली असतात, आणि त्यांनी स्वतःविषयी ही विशेषणे लहानपणापासून ऐकलेली असतात. क्रीमच्या वेष्टनावरचे नाव कंपनी बदलू शकते. ‘सावळी पण देखणी’ या वाक्यातील ‘पण’ मात्र बोलणाऱ्यालाच काढावा लागतो. तो न्यूनत्वबोधक आहे, हे व्याकरणाच्या तासाला शिकविलेच जाते. ते न्यूनत्व कोणी, कोणासाठी ठरविले, हेही त्याच तासाला विचारता येण्यासारखे आहे.