ई-परिचयपत्र : लेखन आणि प्रेषण



अर्जलेखनाचा पुढचा टप्पा म्हणून या भागात आपण संगणकीय परिचयपत्राचा, म्हणजेच रेझ्युमेचा, विचार करणार आहोत. नोकरीचा शोध आज खासगी संकेतस्थळांवर, केंद्र शासनाने 2015 साली सुरू केलेल्या ‘राष्ट्रीय करिअर सेवा’वर किंवा राज्य शासनाच्या ‘महास्वयम्’वर घेतला जातो. तेथे तुमच्या आधी तुमचे शब्द पोचतात, आणि पुष्कळदा ते प्रथम यंत्र चाळते, माणूस नंतर.

‘रेझ्युमे’ हा मूळ फ्रेंच शब्द. त्याचा अर्थ सारांश. आपण मात्र ‘बायोडाटा’ म्हणतो, आणि मराठी घरांत हा शब्द विवाहजुळणीत पक्का रुळला आहे. परिणामी उंची, रास, जात, मामांचे गाव हा मजकूर नोकरीच्या परिचयपत्रातही शिरतो. तो काढून टाकावा. आधार क्रमांक व बँक खात्याचा तपशीलही देऊ नये.

आता मुख्य मुद्दा. समजा, कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात सहा वर्षे काम केलेली विद्यार्थिनी लिहिते, ‘कंपनीत किरकोळ ऑफिसकाम केले.’ प्रत्यक्षात ती आलेल्या मालाची नोंद करीत असे, चलन तपासत असे, गेटपास लिहीत असे, टॅलीत बिले भरत असे आणि महिनाअखेरीस शिल्लक साठा मोजून नोंदवहीशी जुळवत असे. ‘किरकोळ’ या एका शब्दाने सहा वर्षे झाकली गेली! नोकरी देणारा शोधपेटीत ‘स्टोअर’, ‘टॅली’, ‘जीएसटी’ असे शब्द घालतो. ते शब्द नसलेले परिचयपत्र त्याच्यासमोर येतच नाही. म्हणून तिने असे लिहावे : ‘स्टोअर साहाय्यक, 2018 ते 2024. मालाची आवक-जावक नोंद, चलन तपासणी, टॅलीत बिलनोंद, मासिक साठामोजणी.’ जाहिरातीतील शब्द वापरावेत. परंतु जे काम येत नाही, त्याचा शब्द उसना घेऊ नये. मुलाखतीत तो पहिल्याच प्रश्नाला उघडा पडतो.

मुक्त विद्यापीठाचे नाव लिहिताना काही जण संकोचतात आणि नुसते ‘बी. ए.’ लिहून मोकळे होतात. माझ्या मते ही चूक आहे. विद्यापीठाचे पूर्ण नाव व वर्ष लिहावे. नोकरीच्या वर्षांशेजारी ती वर्षे दिसली, की काम सांभाळून शिक्षण घेतल्याचे वाचणाऱ्यास न सांगता कळते.

जाहिरात इंग्रजीत असल्यास परिचयपत्रही इंग्रजीत द्यावे. तेव्हा नावाचे रोमन लेखन गुणपत्रिकेप्रमाणेच ठेवावे. ‘चौगुले’मधील ‘औ’ एका कागदावर ‘ओ-यू’ आणि दुसऱ्यावर ‘ए-यू’ असा लिहिलेला असला, तर कागदपत्रांच्या पडताळणीत अडचण येते. मराठीतून लिहिताना युनिकोडच वापरावे. कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये मराठी अक्षराचा आकार रोमन अक्षराच्या जागी बसवलेला असतो. तो फाँट नसलेल्या संगणकावर तुमचे नाव निरर्थक चिन्हांची माळ होऊन उमटते. आणि शोधयंत्राला तर ते कोठेही मराठी वाटत नाही.

तयार मजकूर एक-दोन पानांत बसवून पीडीएफ करावा. कागदाचा मोबाइलवर काढलेला फोटो पाठवू नये. अनेक यंत्रणांना त्यातील अक्षरे वाचता येत नाहीत. फाइलमधील एखादा शब्द बोटाने निवडून पाहावा. निवडता आला, तर ती अक्षरे आहेत, चित्र नव्हे. फाइलला ‘नवीन 2 फायनल’ असे नाव न देता स्वतःचे नाव व पद द्यावे.

ईमेलच्या विषयाच्या ओळीत पदाचे नाव व जाहिरात क्रमांक लिहावा. खाली तीन-चार ओळींचे पत्र पुरते. ‘सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा’ ही जुनी विनवणी येथे नको. आधी फाइल जोडावी, मग पत्र लिहावे आणि पत्ता सर्वांत शेवटी भरावा. या उलट्या क्रमामुळे फाइलविना ईमेल जाण्याचा प्रसंग टळतो. उत्तरादाखल कोणी नोंदणीशुल्क किंवा ओटीपी मागितल्यास देऊ नये.

सराव : तुमच्या एका दिवसाच्या कामातील पाच क्रियापदे लिहा. त्यांवरून परिचयपत्रातील अनुभवाच्या तीन ओळी तयार करा आणि ती फाइल प्रथम स्वतःच्याच ईमेलवर पाठवून दुसऱ्याच्या मोबाइलवर उघडून पाहा.